जून ते मे: मुख्याध्यापक झाल्यावर स्टाफला सांभाळायचं ते कसं

जिल्हा परिषदेच्या शाळेत पदोन्नतीने मुख्याध्यापक झालं की हातात पडणारा आदेश एका पानाचा असतो, चार्जयादी मात्र जाडजूड असते. रोकडवही, जनरल रजिस्टर, तांदळाची शिल्लक, संगणकाचे अनुक्रमांक, कपाटाच्या किल्ल्या, सगळं तिच्यात असतं. स्टाफ कुठेच नसतो. पहिली ते आठवी, आठ शिक्षक, दोन स्वयंपाकी-मदतनीस, लिपिक नाही, शिपाई नाही, अशा शाळेत 2025-26 चं वर्ष काढून झाल्यावर हे लिहितोय. नव्याने या खुर्चीत बसणाऱ्यांना कुठल्या महिन्यात काय अंगावर येतं आणि त्यात माणसं कशी टिकवायची, याचा अंदाज यावा म्हणून. शिक्षकाला खरा आधार वाटतो तो त्याचा कागद वेळेवर हलला आणि त्याचा वर्गातला तास कुणी खाल्ला नाही, तर. शाल-श्रीफळाचा नंबर त्यानंतर.

2025 मध्ये शाळा 16 जूनला उघडल्या, विदर्भात 23 जूनला. पण स्टाफच्या दृष्टीने वर्ष सुरू होतं ते वर्गवाटपापासून, आणि वर्षभराची नाराजी बहुतेक वेळा त्याच दिवशी पेरली जाते. शाळा उघडायच्या आधीच प्रत्येकाकडून तीन वर्गांचा पसंतीक्रम लेखी घ्यावा आणि ‘का’ याला दोन ओळी ठेवाव्यात. ‘मागच्या वर्षीचा वर्ग पुढे न्यायचाय’, ‘गणित इंग्रजी झेपत नाही’, ‘गुडघ्याचा त्रास आहे, वरचा मजला नको’ अशी खरी कारणं लेखीतच निघतात, बैठकीत कुणी बोलत नाही. पहिलीचा वर्ग सगळ्यात नवख्याच्या गळ्यात घालायची जुनी रीत आहे, ती मोडायला हवी. 2025-26 ला पहिलीचा अभ्यासक्रम आणि पुस्तकं बदलली होती, त्यामुळे तिथे अनुभवी आणि मनापासून तयार असलेली व्यक्तीच दिली. सहावी ते आठवीचे पदवीधर शिक्षक विषयाला बांधलेले असतात, तिथे फारसा वाव नसतो.

त्याच आठवड्यात विभागवाटप. पोषण आहार, यू-डायस (शाळेची आणि मुलांची सगळी माहिती ऑनलाइन भरणं) आणि शिष्यवृत्ती ही तीन कामं जड. क्रीडा, सांस्कृतिक, वाचनालय, आरोग्य तपासणी, सखी सावित्री समिती (मुलांची सुरक्षितता पाहणारी), तक्रारपेटी ही त्या मानाने हलकी. एका माणसाकडे दोन जड कामं कधीही द्यायची नाहीत, मग तो कितीही ‘करतो सर’ म्हणो. जो संगणकावर चालतो त्याच्याच डोक्यावर सगळी ऑनलाइन कामं जातात आणि दिवाळीपर्यंत तो वैतागून बसतो, हे जवळपास प्रत्येक शाळेत दिसतं. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक जड कामाला जोडीदार देणं आणि लॉगिन-पासवर्ड मुख्याध्यापकाच्या वहीत ठेवणं. वाटपाचा लेखी आदेश काढून सगळ्यांच्या सह्या घ्या. तपासणीला कुणी आलं की ‘हे कुणाकडे?’ या प्रश्नाला तो एक कागद पुरतो.

वेळापत्रक जूनमध्ये पेन्सिलीनेच करावं. 2025 ला पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय 29 जूनला मागे घेतले गेले आणि ज्यांनी छापून भिंतीवर लावलं होतं त्यांना ते उतरवावं लागलं.

जुलैचा विषय पगार. 1 जुलैची वेतनवाढ लागणाऱ्यांची यादी जूनच्या अखेरीस तयार पाहिजे. शालार्थमध्ये, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत, बिल करताना उशीर होतो तो दर महिन्याला त्याच चार-पाच गोष्टींमुळे: कुणाची वैद्यकीय रजा अजून मंजूर नाही, कुणाचा पतसंस्थेचा हप्ता बदलला, कुणाचा विमा संपला, कुणी बदलून आला आणि त्याचं अंतिम वेतन प्रमाणपत्र आलं नाही. दर महिन्याच्या 15 तारखेला स्टाफरूममध्ये एक कोरा तक्ता टांगायचा: नाव, काय बदल, पुरावा जोडला का. 18 ला उतरवायचा. बिल वेळेत गेलं तरी पगार 1 तारखेला होईलच असं नाही, निधी वरून यायचा असतो. पण ‘आपल्या शाळेमुळे अडलं’ असं कधी होत नाही, आणि गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्या माणसाला एवढं कळणंही पुष्कळ असतं. बिल पुढे पाठवलं त्या दिवशी तारखेसकट ग्रुपवर टाकून द्या.

सेवापुस्तक पंचायत समितीत असतं, म्हणून प्रत्येकाने दुय्यम सेवापुस्तक स्वतःजवळ ठेवावं आणि वर्षातून एकदा दोन्ही ताडून पाहावीत. वेतनवाढ, रजा, प्रशिक्षण, नावातला बदल, वारस नोंद. 12 वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतरची निवड श्रेणी अडते ती याच नोंदींवर आणि हरवलेल्या गोपनीय अहवालांवर (शिक्षकाच्या कामाबद्दल दरवर्षी लिहिले जाणारे). आमच्याकडे जुलैत प्रत्येकाची एक फाइल उघडली: नेमणूक आदेश, कायम केल्याचा आदेश, जात वैधता, शैक्षणिक कागद, प्रशिक्षण प्रमाणपत्रं, मागच्या अहवालांच्या प्रती. खर्च म्हणाल तर फाइलचा आणि झेरॉक्सचा, एवढाच. ज्यांची 12 वर्षं येत्या वर्षभरात भरणार त्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली. शिक्षण सेवक (पहिली तीन वर्षं मानधनावर असलेला शिक्षक) असेल तर त्याच्या तीन वर्षांची तारीखही तिथेच. जानेवारी 2023 पासून प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला 16,000 रुपये मानधन मिळतं. त्यात खोलीभाडं काढून दूरच्या गावी राहणाऱ्या पोराची कायम होण्याची फाइल एक महिना जरी रखडली तरी त्याला त्याची झळ बसते.

पाऊस स्थिरावला की वर्गनिरीक्षण. लॉगबुक, म्हणजे निरीक्षणाची वही, भरायचं म्हणून भरलं तर शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांचाही वेळ जातो. ‘अध्यापन समाधानकारक, फलकलेखन सुधारावे’ हा शेरा कुणाच्याही नावावर खपतो. वीस मिनिटं मागच्या बाकावर बसायचं, फोन बाहेर ठेवायचा, आणि दोनच गोष्टी लिहायच्या. एक, नेमकं काय जमलं. उदाहरणार्थ: ‘हातच्याची वजाबाकी आगपेटीच्या काड्यांचे दशक सोडवून दाखवली, मागच्या रांगेतल्या तीन मुलांनी स्वतः करून पाहिली.’ दोन, एक प्रश्न: ‘52 मधून 27 घालवताना निम्म्या पाट्यांवर 35 होतं, ते का?’ हा प्रश्न त्याच दिवशी मधल्या सुट्टीत बसून बोलायचा, मुलांसमोर नाही. (35 येतं कारण मूल लहान अंक मोठ्या अंकातून वजा करतं, 2 मधून 7 जात नाहीत म्हणून 7 मधून 2. हे शिक्षकाला माहीत असतंच. पण किती मुलं तसं करतात हे मागे बसल्यावरच दिसतं.) शेऱ्याची प्रत शिक्षकाला द्यावी. असे चार-पाच नेमके शेरे जमले की मे महिन्यात गोपनीय अहवाल लिहायला हाताशी काहीतरी असतं.

ऑगस्ट-सप्टेंबर हा शाळेतला सगळ्यात चिडचिडीचा काळ. यू-डायस प्लस, आधार पडताळणी, अपार (प्रत्येक मुलाचा कायमचा शैक्षणिक) क्रमांक, आणि वर 30 सप्टेंबरचा पट, ज्याच्यावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, ते ठरतं. पट घसरला तर पद जातं आणि माणूस अतिरिक्त ठरतो, म्हणून सगळेच धास्तावलेले असतात. कामं अडतात ती स्पेलिंगवर: जनरल रजिस्टरला एक नाव, आधारवर दुसरं, जन्मतारखेत दिवस-महिना उलटा. शिक्षक पोर्टलवर दहादा प्रयत्न करत बसतो, पण पोर्टलचा दोष नसतो, आधीची नोंदच जुळत नसते. त्यामुळे आधी कागदावर वर्गवार न जुळणाऱ्या नावांची यादी करायची, पालकांना आधार दुरुस्तीसाठी पाठवायचं, आणि ऑनलाइन भरणं त्यानंतर. अपारसाठी पालकांचं संमतीपत्र लागतं, ते पालकसभेत एका फटक्यात गोळा होतं. आम्ही ऑनलाइन कामाला आठवड्यातून दोन दिवस शेवटचा तास ठरवून दिला. त्या तासाला तो वर्ग मैदानावर, दुसऱ्या शिक्षकाकडे. बाकी वेळ वर्गात मोबाइल नाही. सर्व्हर संध्याकाळी बरा चालतो म्हणून रात्री घरी बसून माहिती भरायची सवय लागते. ती मोडायला मुख्याध्यापकाने स्वतः सकाळी लवकर येऊन दोन वर्गांची माहिती भरून दिली तर बोलण्याची गरज राहत नाही.

व्हॉट्सॲपचंही इथेच सांगतो. वरून ‘तात्काळ’, ‘आजच 4 वाजेपर्यंत’ असे निरोप दिवसभर पडत असतात. ते जसेच्या तसे स्टाफच्या ग्रुपवर ढकलणं सोपं असतं. पण त्यातली बरीचशी माहिती मुख्याध्यापकाकडे आधीच असते: पट, जातनिहाय संख्या, शौचालयं, वर्गखोल्या, संगणक. ती एका तक्त्यात तयार ठेवली तर निम्म्या निरोपांना स्टाफला विचारावंही लागत नाही. उरलेलं दिवसातून एकदा, शाळा सुटायच्या आधी, एकाच मेसेजमध्ये. रात्री 8 नंतर फक्त सुट्टी जाहीर झाली तर.

1 सप्टेंबर 2025 ला टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी आवश्यक, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्यांना दोन वर्षांची मुदत, पाचहून कमी असलेल्यांना सूट, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला ‘पात्रता सिद्ध कर’ म्हटल्यावर काय वाटतं, हे चार दिवस स्टाफरूममध्ये बसल्यावर कळतं. संघटना काय करायचं ते करतील. शाळेत करण्यासारखं होतं ते एवढं: प्रत्येकाची जन्मतारीख आणि 58 वर्षांची निवृत्ती धरून कोण कुठे बसतं ते कागदावर मांडलं. अफवा त्यानेच निम्म्या थांबल्या. मग अर्ज. एका पेपरचं शुल्क 1,000 रुपये, दोन्हींचं 1,200, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 700 आणि 900. पहिली ते पाचवीसाठी पेपर 1, सहावी ते आठवीसाठी पेपर 2. 150 प्रश्न, 150 मिनिटं, उणे गुण नाहीत, उत्तीर्ण व्हायला 60 टक्के म्हणजे 90 गुण, राखीव प्रवर्गांना 55 टक्के. अर्जावरचं नाव आणि डीएडच्या गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असणाऱ्या विवाहित शिक्षिकांनी राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत आधीच शोधून ठेवावी.

परीक्षा 23 नोव्हेंबरला झाली. तयारीसाठी शाळा सुटल्यावर पाऊण तास ठरवला, आठवड्यातून तीन दिवस. गणितवाले सर गणित घेत, भाषेच्या मॅडम व्याकरण. ज्येष्ठांना अडचण येते ती बालमानसशास्त्र आणि इंग्रजीत, कारण डीएड होऊन जमाना झालेला असतो. बालमानसशास्त्राचे 30 गुण असतात आणि त्यातले बरेच प्रश्न वर्गातल्या प्रसंगावर असतात, त्यामुळे सिद्धांतांची नावं एकदा पक्की केली की अनुभवी शिक्षक तिथे भराभर गुण घेतो. मागच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्याशिवाय वेळेचा अंदाज येत नाही, प्रश्नाला एकच मिनिट मिळतं. आणि मुख्याध्यापकाने स्वतः बाकावर बसून एक पेपर सोडवावा, सगळ्यांसमोर. गुण कमी पडले तर पडू द्यावेत.

याच दिवसांत नगरपरिषदांच्या निवडणुकीची प्रशिक्षणं लागली, मतदान 2 डिसेंबरला होतं. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्येच अपवाद म्हणून आहेत, त्यामुळे ती टळत नाहीत. पण गंभीर आजार, गरोदरपण, लहान बाळ अशा कारणांचे अर्ज कागदपत्रांसह मुख्याध्यापकाच्या शिफारशीने लगेच गेले तर विचार होतो, प्रशिक्षणाच्या दिवशी गेले तर नाही. आदेश हातात पडला त्याच दिवशी अर्ज तयार करावा, आणि एक प्रत पोच घेऊन ठेवावी.

रजांबद्दल थोडं सविस्तर, कारण स्टाफ आणि मुख्याध्यापक यांच्यात बिनसतं ते इथेच. किरकोळ रजेचं रजिस्टर उघडं ठेवा, ज्याची त्याला शिल्लक दिसली पाहिजे. आजारी पडल्यास फोन पुरेसा, अर्ज रुजू झाल्यावर. मात्र वैद्यकीय रजेवरून येताना तंदुरुस्तीचा दाखला नसेल तर पुढे सगळं अडतं, हे रजेवर जातानाच सांगून ठेवावं. परिवर्तित रजेच्या (अर्धपगारी रजा पूर्ण पगारात बदलून घेतलेली) एका दिवसाला अर्धपगारीचे दोन दिवस खर्ची पडतात, ही गोष्ट पुष्कळ जणांना ठाऊक नसते. प्रसूती रजा 180 दिवस, आणि बदली शिक्षक मिळेलच असं धरून चालू नये. आमच्या तिसरीच्या मॅडम दिवाळीनंतर रजेवर गेल्या. त्यांनी जाण्याआधी प्रत्येक मुलाचं एक ओळीचं टिपण करून दिलं, कोण कुठे अडतं आणि कोण कुणाशेजारी बसलं तर काम करतं एवढंच. तिसरीचं गणित मुख्याध्यापकाकडे, भाषा चौथीबरोबर, बाकी वाटून. ज्यांच्याकडे जादा वर्ग गेला त्यांचं शिष्यवृत्तीचं किंवा सहलीचं काम काढून दुसऱ्याला दिलं. जादा काम देताना काय काढून घेतलं ते त्याच आदेशात लिहायचं. मॅडमना मधे शाळेचा एकही फोन करायचा नाही, हेही ठरवूनच टाकलं. अपत्य 18 वर्षांचं होईपर्यंत संपूर्ण सेवेत 180 दिवस बालसंगोपन रजा महिला कर्मचाऱ्यांना मिळते. ती मागायला बायका कचरतात, म्हणून माहितीचा कागद स्टाफरूममध्ये लावलेला बरा.

वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल हा वेगळाच डोंगर. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याची प्रपत्रं. प्रत्येक बिलावर क्रमांक टाकून गोषवारा वर लावावा आणि पूर्ण संच झेरॉक्स करून शाळेत ठेवावा. फाइल त्रुटीसाठी परत येते, बहुतेकदा एका सहीसाठी. नातेवाइकाच्या आजारपणातून नुकत्याच सावरलेल्या माणसाला तालुक्याला खेपा घालायला लावण्यापेक्षा केंद्रप्रमुखांच्या बैठकीला जाताना मुख्याध्यापकाने ती फाइल सोबत नेलेली बरी.

स्टाफ म्हटल्यावर स्वयंपाकघर सुटतं. मदतनीस बायकांना महिन्याला 2,500 रुपये मानधन, तेही महिनोन्‌महिने अडकलेलं. पहिली ते पाचवीला दर मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150, हे माप घालून दिलं, ताटं घासायला नळ ओट्याजवळ आणून दिला, आणि चव रजिस्टरवर सही करण्याआधी खरोखर चव घेतली, तर कुरकुर कमी होते. मानधनाची हजेरी महिन्याच्या शेवटच्या दिवशीच पाठवावी. 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, व्यासपीठावर या मदतनीस बायकांना बसवलं होतं.

फेब्रुवारीत पगार हातात कमी पडतो, कारण आयकर आणि व्यवसाय कराचे 200 ऐवजी 300. डिसेंबरमध्येच प्रत्येकाला जुन्या आणि नव्या करप्रणालीचा अंदाजे हिशोब काढून दिला तर कर दोन-तीन महिन्यांत विभागून कापता येतो. शिष्यवृत्ती परीक्षा 2025-26 ला पाचवी-आठवीवरून चौथी-सातवीकडे वळत होती, म्हणून चारही वर्गांवर जादा तासांचा ताण आला. जादा तास सकाळी एकच ठेवला आणि रविवार कुणाचाही घेतला नाही. निकालाचे आकडे शाळाशाळांत फिरतात तेव्हा शिक्षकाला वाचवायचं काम मुख्याध्यापकाचंच.

मार्चमध्ये संयुक्त शाळा अनुदान. 101 ते 250 पटाच्या शाळेला 50,000 मंजूर असतात, येतात तुकड्यांत आणि उशिरा, आणि 31 मार्चच्या आत खर्ची टाकायचे. किमान 10 टक्के स्वच्छतेवर. स्टाफला काय हवं ते डिसेंबरमध्येच लिहून घेतलं होतं: प्रिंटरचा टोनर, स्टाफरूमला पंखा, महिला शिक्षकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आणि कचऱ्याचा डबा. कडी अगदीच किरकोळ रकमेची. कित्येक वर्षं कुणी मागितली नव्हती, कारण मागायची कुणाकडे हा प्रश्न होता. व्यवस्थापन समितीच्या ठरावात या वस्तू आधीच घालून ठेवल्या की मार्चअखेर धावपळीत नको ते विकत घ्यावं लागत नाही.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा, संकलित दोन (दुसऱ्या सत्राअखेरची परीक्षा), वर्णनात्मक नोंदी. पहिली-दुसरीला आकारिक (वर्गात सतत होणारं मूल्यमापन) 70 आणि संकलित 30, तिसरी-चौथीला 60-40, पाचवी-सहावीला 50-50, सातवी-आठवीला 40-60. नोंदी शेवटच्या आठवड्यात बसून लिहिल्या की सगळ्या मुलांच्या सारख्याच होतात. दर शनिवारी पाच मुलं, असा रतीब जुलैपासून ठेवला तर एप्रिल हलका जातो. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत विषयाला 35 टक्के लागतात, पाचवीला 50 पैकी 18, आठवीला 60 पैकी 21. कमी पडणाऱ्या मुलांच्या पालकांशी बोलणं एकट्या वर्गशिक्षकावर सोडू नये, मुख्याध्यापकाने शेजारी बसावं.

मे महिन्यात गोपनीय अहवाल. स्वयंमूल्यमापन एप्रिलअखेर मागवून घ्या. शेरा लिहिताना लॉगबुकच्या प्रती समोर ठेवल्या की ‘मेहनती व प्रामाणिक’च्या पलीकडे काहीतरी सुचतं. प्रतवारी हात आखडून दिली तर पुढच्या पदोन्नतीत आणि श्रेणीच्या प्रस्तावात ती आडवी येते, आणि सरसकट ‘अ+’ दिली तर तिला किंमत राहत नाही. ज्याला कमी दिली त्याला कारण आधी तोंडी सांगितलेलं असावं, अहवालातून पहिल्यांदा कळू नये. अहवालाची प्रत फाइलला लावा, पोच घ्या. 1 मेच्या निकालानंतर बदल्यांचे आदेश कधी येतील सांगता येत नाही, म्हणून बदलीपात्र असलेल्यांची अंतिम वेतन प्रमाणपत्राची माहिती, रजेचा हिशोब आणि त्यांच्याकडच्या साठ्याची यादी सुट्टी लागण्याआधी तयार करून कपाटात ठेवावी. पुनर्परीक्षा देणाऱ्या पाचवी-आठवीच्या मुलांचं जूनमधलं वेळापत्रक त्याच कप्प्यात, वर.